घरच्या ॲम्प्लिफायरची बॉडी अर्थ करायची म्हणजे नक्की काय करायचं

लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीतून बोर्ड आणला, ट्रान्सफॉर्मर आणला, दोन मोठे कपॅसिटर आणि पत्र्याचं एक कॅबिनेट आणलं, सगळं जोडलं, गाणं लावलं तर मस्त वाजलं, आणि गाणं थांबलं की स्पीकरमधून घूंऽऽऽ. मग कोणीतरी जाणकार सांगतो, "अरे, अर्थ काढून टाक, हमिंग जाईल." काढून बघतो तर खरंच जातं. आणि इथेच सगळा घोळ आहे, कारण उपाय लागू पडला की तो बरोबरच होता असं वाटायला लागतं, आणि तो ॲम्प्लिफायर मग वर्षानुवर्षं दोन पिनवर चालत राहतो.

हमिंग घालवायला अर्थ काढायची कधीच गरज नसते. ती दुसरीकडे घालवता येते, पूर्णपणे, अर्थ जागेवर ठेवून. कसं ते समजायला आधी तीन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या ठेवायला लागतात. घराच्या वायरिंगमधली अर्थ, जी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात येते, ती एक. कॅबिनेटची पत्र्याची बॉडी ही दुसरी. आणि सर्किटचा झिरो, म्हणजे १२-०-१२ किंवा २५-०-२५ ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप जिथे फिल्टर कपॅसिटरांच्या मध्ये येऊन मिळतो तो पॉइंट, ही तिसरी. यातली पहिली आणि दुसरी कायमची घट्ट जोडायची, मध्ये काहीही नाही, ना स्विच ना फ्यूज ना रेझिस्टर. दुसरी आणि तिसरी एकाच ठिकाणी जोडायची, आणि तिथे थोडी सवलत आहे. जी काय कलाकारी करायची ती या दुसऱ्या जोडात, पहिल्याला हात लावायचा नाही.

आता पहिला जोड एवढा महत्त्वाचा का? समजा आत फेजची वायर सोल्डरमधून सुटली आणि पत्र्याला टेकली. किंवा स्विचच्या पायावरची स्लीव्ह उन्हाळ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेने कडक होऊन फुटली. बॉडीला २३० व्होल्ट आले. अर्थ नसेल तर काहीच होत नाही, हीच भीतीदायक गोष्ट, गाणं चालूच राहतं, फ्यूज शाबूत, लाइट शाबूत, आणि ॲम्प्लिफायर तसाच कुणाचा हात लागायची वाट बघत बसतो. ओल्या हाताने, अनवाणी, फरशीवर उभ्या माणसाचा रेझिस्टन्स १००० ओम धरला तर २३० मिलिॲम्पियर करंट जातो, आणि साधारण १० मिलिॲम्पियरच्या पुढेच स्नायू असे आवळतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे हृदयाचा प्रश्न सुरू होतो. घरातल्या आरसीसीबीवर (करंट बाहेर गळतोय हे ओळखून लाइन तोडणारा स्विच) ३० मिलिॲम्पियर लिहिलेलं असतं ते उगाच नाही.

अर्थ असेल तर तोच करंट हिरव्या वायरने जातो. वायरिंग नीट असेल, म्हणजे जायचा-यायचा सगळा रस्ता मिळून एखादा ओम असेल, तर २०० ॲम्पियरच्या वर करंट वाहायला बघतो, तो वाहणार नाही कारण त्याच्या आत फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. ठप्प. कोणी हात लावायच्या आत बिघाड स्वतःच जाहीर झाला. अर्थचं काम एवढंच आहे, गपचूप राहिलेला बिघाड आवाज करून बंद पाडणं. आवाज चांगला करणं, "बेस सॉलिड येतो" वगैरे, हे तिचं काम नाही.

पण सर्किटचा झिरो बॉडीला का जोडायचा, तो तर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आहे, मेनशी त्याचा संबंधच नाही, असा प्रश्न येतोच. संबंध नाही तो इन्सुलेशन शाबूत आहे तोवर. लोकल वाइंडिंगवाल्याकडून करून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी (मेनकडचं वाइंडिंग) आणि सेकंडरीच्या (सर्किटकडचं) मध्ये कागदाचे किती थर टाकलेत हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. ते इन्सुलेशन जळून दोन वाइंडिंग एकमेकांना टेकली तर झिरोवर मेन येते, आणि झिरो कुठे कुठे गेलाय बघा: आरसीए सॉकेटच्या (लाल-पांढऱ्या ऑडिओ पिना जिथे खुपसतो ते) बाहेरच्या कड्याला, हेडफोनच्या वायरला, स्पीकरच्या काळ्या टर्मिनलला, माइकच्या जाळीला. बॉडी अर्थ आहे पण झिरो मोकळा, तर बॉडी सेफ आणि माइक लाइव्ह, असला उफराटा प्रकार होतो. म्हणून झिरोलाही बिघाडाच्या वेळी अर्थपर्यंत जायला रस्ता पाहिजे.

माइक म्हटलं की हे नुसतं पुस्तकातलं राहत नाही. डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटोला स्टेजवर रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची गिटार माइक स्टँडला लागली आणि तो जागेवर कोसळला, वाचला. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी अर्थ नसलेल्या माइकला हात लावून स्टेजवरच गेला. आपल्याकडे मंडळाच्या मांडवात, पावसाळी हवेत, ओल्या जमिनीवर, भजनाच्या माइकने ओठाला चटका बसतो आणि माइकला रुमाल गुंडाळून कार्यक्रम पुढे चालू राहतो, तेव्हा जे चाललेलं असतं ते अगदी याच जातीचं.

आता घरातल्या सॉकेटमध्ये खरंच अर्थ आहे का, हे बघूनच पुढे जायला लागतं, कारण जुन्या वाड्यात, चाळीत, बऱ्याच भाड्याच्या घरांत ते वरचं भोक नुसतं भोक असतं, मागे वायरच नसते. आपल्या तीन पिन प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब ठेवलीय, जेणेकरून ती आत जाताना सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी, आणि शटरवाल्या सॉकेटमध्ये ती पिन आत गेल्यावरच फेज-न्यूट्रलची झडप उघडते. आणि आपण काय करतो, दोन पिनचा प्लग घालायला त्या भोकात बॉलपेनची रिफिल खुपसून झडप उघडतो. असो.

त्याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलला मारलेला जंपर. अर्थ नाही, गिऱ्हाइक तक्रार करतंय, मग एखादा वायरमन न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थला मारून देतो, टेस्टर-मीटर सगळं समाधानी. पण त्याच्या मागे कुठेतरी न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर? घरातले बल्ब, पंखे यांच्यातून येणारा करंट परत जायला रस्ता नाही, न्यूट्रल २३० ला जाऊन बसतो, आणि जंपरवाटे तुमच्या ॲम्प्लिफायरची बॉडीही. ॲम्प्लिफायरमध्ये काहीही बिघाड नसताना बॉडीला फेज. अर्थ अजिबात नसलेली परवडली, पण हे नको.

हे तपासायचं कसं? लाइन टेस्टर यात कुचकामी आहे. मल्टीमीटरने फेज ते अर्थ २३० दिसले म्हणजे अर्थ आहे, हेही खरं नाही, मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओमच्या घरात असतो, गंजलेल्या, अर्धवट तुटलेल्या वायरमधूनसुद्धा तो २३० दाखवेल. फेज ते अर्थ ६० वॅटचा बल्ब लावून बघायची जुनी पद्धत जरा बरी, पण त्यातही गंमत आहे: असा बल्ब पेटलेला असताना जवळपास ९०० ओमचा असतो, त्यामुळे अर्थ १०० ओमची भिकार असली तरी बल्बला २०० च्या वर व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. (आरसीसीबी असेल तर पेटण्याऐवजी तो पडेल.) खरं मोजमाप अर्थ टेस्टर असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं, आणि बल्बचा प्रयोगही त्याच्याच हातून. आपण स्वतः एक करू शकतो: त्याच लाइनवर इस्त्री किंवा हीटर असं दणकट लोड लावून न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज बघायचं. वेगळी अर्थ असेल तर लोड लावल्यावर ते थोडं वर सरकतं. कितीही लोड लावा, ठार शून्यच दाखवत असेल तर सॉकेट उघडून मागे जंपर आहे का ते बघायला सांगा.

आणि आरसीसीबी बसवून घ्या, हे आग्रहाने. समजा इमारतीची अर्थ म्हणजे कोळसा-मीठ घातलेला एक जुना खड्डा आहे आणि त्याचा रेझिस्टन्स ३० ओम आहे. फॉल्टला २३० भागिले ३०, म्हणजे साडेसात-पावणेआठ ॲम्पियर वाहतील. १६ ॲम्पियरचा एमसीबी याला ढिम्म हलणार नाही. तेवढा वेळ बॉडी जवळजवळ पूर्ण २३० वरच असते, कारण सगळं व्होल्टेज त्या खड्ड्यातच पडतंय, म्हणजे अर्थ आहे तरी शॉक आहे. आरसीसीबीला मात्र ३० मिलिॲम्पियर पुरतात, त्याला ही ३० ओमची अर्थ राजेशाही वाटते. उलटं पण लक्षात ठेवा, आरसीसीबी आहे म्हणून बॉडी अर्थ नको असं नाही, कारण मग तो पडायला करंट तुमच्यातूनच जावा लागतो.

आता कॅबिनेटच्या आत. मागच्या पट्टीवर आयईसी सॉकेट लावत असाल, कॉम्प्युटरच्या पॉवर कॉर्डवाला तीन पिनचा, तर उत्तम, त्याला कॉर्ड रेडीमेड मिळते आणि ओढाताणीत आतली वायर सुटायचा प्रश्न नाही. थेट कॉर्ड आत घेत असाल तर केबल ग्लँड (भोकात बसून कॉर्ड घट्ट पकडणारा) पाहिजेच, आत नुसती गाठ मारून ठेवू नका, आणि अर्थची वायर फेज-न्यूट्रलपेक्षा दोन-तीन इंच जास्त लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड हिसकली गेली तर सगळ्यात शेवटी तुटेल ती अर्थ. फेज आल्या आल्या फ्यूज, मग स्विच, मग ट्रान्सफॉर्मर. ३०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर फुल लोडला १.३ ॲम्पियर घेतो, त्याला दोन-अडीच ॲम्पियरचा स्लो-ब्लो फ्यूज पुरतो. टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, सुरू होताना मोठा झटका घेतो, साधा फ्यूज सारखा उडतो, आणि मग लोक वैतागून त्यात १० ॲम्पियरचा घालतात, ते करू नका.

अर्थचा स्क्रू हा या सगळ्याचा खरा नायक, आणि त्याच्यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. सॉकेटपासून जवळात जवळ, बॉडीला स्वतंत्र भोक पाडायचं, एम४ किंवा एम५ चा स्क्रू. ट्रान्सफॉर्मर किंवा बोर्ड ज्या बोल्टने बसवलाय तोच अर्थला वापरायचा नाही, कारण उद्या ट्रान्सफॉर्मर बदलताना तो कोणीतरी काढणार आणि अर्थ लावायला विसरणार. भोकाच्या भोवतीचा पेंट, पावडर कोटिंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढायचं. ॲल्युमिनियमचं कॅबिनेट असेल तर जास्तच सांभाळा, एनोडायझिंग दिसायला धातूसारखं असतं पण ते चांगलं इन्सुलेटर आहे, मीटरचे दोन्ही प्रोब त्यावर टेकवून बघा, काहीच दाखवत नाही. मग वायरला गोल थिंबल, क्रिंपिंगच्या पक्कडने नीट दाबलेली (नुसती सोल्डर करून सोडलेली नको, फॉल्टच्या करंटने तापून सोल्डर वितळू शकतं), पत्रा आणि थिंबलच्या मध्ये दातेरी स्टार वॉशर, तो पत्र्यात दात रुतवतो, वरून नट, आणि त्या नटावर दुसरा नट घट्ट. वायर हिरवी-पिवळी, दीड स्क्वेअर एमएम. घासलेल्या जागेवर वरून जरा ग्रीस लावलं तर कोकणातल्या हवेतही गंज धरत नाही.

मग इतर पत्रे. वरचं झाकण, पुढचं पॅनेल, मागची पट्टी, हे सगळे पावडर कोटेड तुकडे एकमेकांना स्क्रूने जोडलेले दिसतात पण पेंटमुळे विजेच्या दृष्टीने ते सुटे असू शकतात. झाकणाला आतून वेगळी वायर न्यायची. हीट सिंक बाहेर दिसत असेल तर तोही. लाकडी कॅबिनेट केलंय म्हणून अर्थ नको असं म्हणणारे भेटतात, पण व्हॉल्यूमचा मेटल शाफ्ट, स्विचची धातूची दांडी, मागची ॲल्युमिनियम पट्टी, जे जे बोटाला लागतं आणि धातूचं आहे ते अर्थ झालंच पाहिजे, लाकूड काय करणार त्यात.

इथेच एक आडवळणाची गोष्ट, अर्थशी थेट नाही पण त्याच पान्याने होणारी. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर मधल्या बोल्टने बसवतात. त्या बोल्टचं खालचं टोक बॉडीला आणि वरचं टोक झाकणाला टेकलं की बोल्ट, झाकण, बॉडी मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती एक पूर्ण वेढा तयार होतो, एका टर्नचं शॉर्ट झालेलं वाइंडिंग. त्यातून शेकडो ॲम्पियर फिरतात आणि फ्यूज वाचला तर ट्रान्सफॉर्मर भाजून निघतो. वर निदान एक सेंटिमीटर गाळा सोडा. त्या बोल्टच्या वरच्या टोकाला अर्थची वायर लावली तरी तोच वेढा होतो.

झालं की प्लग काढलेला असताना मीटर ओमवर ठेवून प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडीच्या प्रत्येक तुकड्यापर्यंत, प्रत्येक स्क्रूपर्यंत बघायचं. आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवा, ०.२-०.३ ओम दिसेल, ती प्रोबच्या वायरची, ती वजा करून जे उरेल ते जवळजवळ शून्य पाहिजे. कंपन्या हेच २५ ॲम्पियर सोडून तपासतात आणि ०.१ ओमच्या आत बघतात, आपल्या मीटरला तेवढं जमत नाही, म्हणून वायर हाताने हलवून, ओढून बघा आकडा उडतो का. मग फेज-न्यूट्रल पिना एकत्र धरून त्या ते अर्थ रेझिस्टन्स बघा, स्विच ऑन करून. ओपन दिसला पाहिजे, आणि ओळखीत कोणाकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर तोही मारून घ्या. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, ६० किंवा १०० वॅटच्या बल्बमधून, आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटलेलाच राहतो आणि माल वाचतो. सिरीज बल्बने माल वाचतो, माणूस नाही, हे मात्र लक्षात असू द्या, त्याच्यातूनही शॉक पूर्ण बसतो.

आता येऊ त्या घूंऽऽऽ कडे. एकट्या ॲम्प्लिफायरला, इनपुट शॉर्ट करून, आवाज येतो का ते आधी बघा. तरीही येत असेल तर दोष आतल्या वायरिंगचा आहे, अर्थचा नाही. ५० हर्ट्झचा जाड, गोल हम असेल तर ट्रान्सफॉर्मरचं फील्ड किंवा लूप, आणि १०० हर्ट्झची खरखरीत बझ असेल तर बहुतेक रेक्टिफायरचे (एसीचं डीसी करणारे डायोड) पल्स सिग्नलच्या झिरोत मिसळताहेत. फिल्टर कपॅसिटर सलग भरत नाहीत, दर अर्ध्या सायकलला क्षणभराचा पण मोठ्ठा करंटचा दणका घेतात. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आणि दोन कपॅसिटरांचा जोड यांच्यात तो दणका वाहतो, आणि वायर जाड असली तरी तिच्यावर काही मिलिव्होल्ट पडतातच. म्हणून त्या तुकड्यावर दुसरं काही जोडायचं नाही. कपॅसिटरांच्या जोडातून एक छोटी जाड वायर बाजूला काढायची, तिच्या टोकाला स्टार पॉइंट, आणि स्पीकरचा परतीचा वायर, बोर्डाचा झिरो, इनपुटचा झिरो, सगळे त्या टोकाला. आरसीए सॉकेट बॉडीपासून प्लॅस्टिकच्या वॉशरने अलग ठेवायचे, नाहीतर झिरो बॉडीला मागच्या पट्टीवरही टेकतो, स्टारवरही टेकतो, आणि दोन रस्ते झाले की एक लूप घरबसल्या तयार.

इनपुट काढला की शांत, पण कॉम्प्युटर किंवा टीव्ही जोडला की हम, तर मात्र तो खरा ग्राउंड लूप. कॉम्प्युटरही तीन पिनचा, ॲम्प्लिफायरही तीन पिनचा, दोघे अर्थवायरने एकमेकांना जोडलेले, वरून ऑडिओ केबलच्या जाळीनेही जोडलेले. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक कायम असतोच, ५० मिलिव्होल्ट धरा. ऑडिओ केबलची जाळी ०.१ ओम आणि अर्थचा बाकी रस्ता ०.१ ओम धरला तर २५ मिलिव्होल्ट जाळीवर पडतात, आणि ॲम्प्लिफायरला तो सिग्नलच वाटतो, एक व्होल्टच्या इनपुटपुढे हे चांगलंच ऐकू येतं. अर्थ कापली की लूप तुटतो, हम जातो, म्हणून तो जाणकार खोटं बोलत नव्हता. पण लूप दुसरीकडेही तोडता येतो.

स्टार पॉइंट आणि बॉडी यांच्यात सरळ वायरऐवजी १० ओम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा. आता लूपमध्ये १० ओम आले, ५० मिलिव्होल्टपैकी जवळपास सगळे त्याच्यावर पडतात आणि जाळीच्या वाट्याला अर्धा मिलिव्होल्ट उरतो. पन्नासपट कमी. पण नुसता रेझिस्टर ठेवला तर खऱ्या फॉल्टला तो जळून जाईल आणि झिरो मोकळा सुटेल, म्हणून त्याच्या समांतर ३५ ॲम्पियरचा ब्रिज रेक्टिफायर, केबीपीसी३५१० सारखा धातूच्या डब्यातला. त्याचे प्लस आणि मायनस एकमेकांना शॉर्ट करायचे, एसीच्या दोन टर्मिनलपैकी एक स्टारला आणि एक बॉडीच्या अर्थ स्क्रूला. आता दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड मध्ये येतात, मिलिव्होल्टला ते बंद असतात, पण झिरोवर दीड-दोन व्होल्ट चढायला लागले की पूर्ण उघडतात आणि फॉल्टचा करंट फ्यूज उडेपर्यंत आरामात वाहून नेतात. सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी. ॲम्प्लिफायर डिझाइनर नेल्सन पास आपल्या डिझाइनमध्ये याच जागी सीएल-६० थर्मिस्टर टाकतात, थंड असताना १० ओम, करंट वाढून तापला की रेझिस्टन्स पार खाली. मला स्वतःला ब्रिजवालाच आवडतो, लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळतो आणि बोल्टने बॉडीवर घट्ट बसतो.

पुन्हा सांगतो कारण इथे हमखास गफलत होते: हे सगळं झिरो आणि बॉडीच्या मध्ये. बॉडी आणि प्लगच्या अर्थ पिनच्या मध्ये नाही. तिथे सरळ वायर. आणि हम नसेलच तर झिरोलाही सरळ वायरच मारा, उगाच भाग वाढवू नका.

व्यावसायिक साउंडमध्ये, एक्सएलआर कनेक्टरच्या (माइकचा तीन पिनचा, जाळी पिन १ वर) जगात, जाळी आत बोर्डावर न नेता आत शिरल्या शिरल्या बॉडीला जोडायची असते. ऑडिओ इंजिनियर नील मन्सी यांनी १९९५ साली याच्यावर लिहिलं तेव्हापासून जाळी बोर्डावर नेण्याच्या चुकीला पिन वन प्रॉब्लेम म्हणतात, आणि आजही स्वस्त मिक्सरमध्ये तो सापडतो. आपल्या आरसीएवाल्या घरच्या ॲम्प्लिफायरला त्याची फार झळ बसत नाही.

एवढं करूनही हम राहिला तर आधी ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर किंवा टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. मग केबल टीव्हीची वायर काढून बघा, गल्लीतून खांबांवरून आलेल्या त्या केबलची जाळी दुसऱ्याच इमारतीची अर्थ घेऊन घरात येते, आणि सेट टॉप बॉक्स, टीव्ही, ॲम्प्लिफायर असा हम फिरतो. १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर सिग्नलमध्ये टाकला की तो संपतो, बेसमध्ये थोडा फरक पडेल, स्वस्त घेतला तर जास्तच. ब्लूटूथच्या छोट्या बोर्डाला आणि ॲम्प्लिफायरला एकाच सप्लायवर चालवल्यावर जी किर्र-चिर्र ऐकू येते तीही झिरोचीच भानगड, तिथे बी०५०५एस हा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर लावला की बोर्डाला स्वतःचा वेगळा झिरो मिळतो आणि शांतता होते.

एक वेगळा अनुभव सगळ्यांचा असतो, पत्र्यावरून बोट अलगद फिरवलं की मुंग्या, आणि टेस्टर लावला की तो मंद पेटतो. आत मेनचा फिल्टर असतो, त्यात फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन वाय कपॅसिटर असतात. अर्थ लावलेली नसली की बॉडी दोघांच्या मधोमध, ११५ व्होल्टवर तरंगते. ४.७ नॅनोफॅरडचे असतील तर तुमच्यातून फार तर एक तृतीयांश मिलिॲम्पियर जातो, त्याने माणसाला काही होत नाही. पण आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते, त्यामुळे चालू असताना केबल खुपसली की ते ११५ व्होल्ट आधी इनपुटच्या आयसीत जातात आणि मग लोक म्हणतात चायनीज बोर्ड होता, टिकला नाही. बॉडी अर्थ केली की मुंग्या बंद. इथे एक सावधगिरी, वाय कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक डिस्क कधी लावू नका, तो शॉर्ट झाला की फेज थेट बॉडीवर. वाय वर्गाचे कपॅसिटर मुळात शॉर्ट न होता उघडे पडावेत अशा बेताने केलेले असतात.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला हे सगळं तसंच लागू, फक्त आत ३००-४०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरात राहतात, तेव्हा ते रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर लावा आणि हात घालायच्या आधी मीटरने बघा.

आणि शेवटी चोर बाजारातून आणलेल्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंबद्दल, कारण आजकाल त्यांत ब्लूटूथ बसवायची फार हौस आहे. त्यातले काही एसी-डीसी सेट आहेत, आत मेनचा ट्रान्सफॉर्मरच नाही, व्हॉल्व्हचे फिलामेंट सिरीजमध्ये आणि मेनची एक बाजू थेट चॅसीला. प्लग ज्या बाजूने बसेल त्यावर चॅसी न्यूट्रल की फेज हे ठरतं. कंपनीने तो लाकडी डब्यात, मागे पुठ्ठा लावून, नॉबचे स्क्रूसुद्धा मेणाने बुजवून दिला होता तो त्यासाठीच. असल्या चॅसीला अर्थ लावायला जाऊ नका, फेज बाजू आली तर सरळ शॉर्ट होतो आणि न्यूट्रल बाजू आली तर आरसीसीबी पडतो. त्याला ऑक्स सॉकेटही बसवू नका, सॉकेटच्या कड्यावर मेन येईल आणि तिथून मोबाइलवर. आधी मागचा पुठ्ठा काढून ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. नसेल तर टेबलावर १:१ चा मेन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावूनच काम करा, आणि ब्लूटूथचा सिग्नल आत न्यायचाच असेल तर ब्लूटूथ बोर्डाला स्वतःचा वेगळा सप्लाय द्या, आणि सिग्नल मेनचं इन्सुलेशन असलेल्या ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधूनच न्या, वर हम घालवायला सांगितलेला साधा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर इथे चालत नाही.